रेघ

मी मैदानाचा माणूस.
शुक्रवारी रेघा मारतो, शनिवारी तीस जण त्या पुसतात,
सोमवारी मी खड्डे बुजवतो. एकवीस वर्षं.
खेळाडू मला चेहऱ्यावरून फारसे कळत नाहीत,
जमीन कुठे उखडली त्यावरून कळतात.

अपाकुकी आला तेव्हा जानेवारी होता, तार्न नदीवर धुकं,
आणि ह्याच्या अंगात अर्ध्या बाह्यांचा फुलाफुलांचा सदरा.
पाय घडलेले फिजीत, सिंगातोकाच्या वाळूच्या टेकड्यांवर.
इथल्या चिखलात पहिल्याच सामन्यात बूट रुतून बसला,
तो मात्र पुढे गेला,
एका मोज्यावर, थेट कोपऱ्यापर्यंत,
चेंडू टेकवला, आणि परत येऊन बूट उपटला.
त्या दिवसापासून गाव त्याचं नाव शिकू लागलं.
बेकरीवाल्या सोलांझबाईंना ते अजून येत नाही.

अकरा नंबर म्हणजे शिवेवरचा माणूस.
मध्ये वाफा, शिव्या, चेंदलेले कान,
आणि हा रेघेशी उभा, काखेत बोटं खुपसून,
पंगतीच्या टोकाच्या पानासारखा,
जिथे वाढपी पोचेपर्यंत पातेलं रिकामं.
एकदा ऐंशी मिनिटांत चेंडू दोनदा आला. मी मोजलं.
पहिल्यांदा निसटला.
दुसऱ्यांदा जुनी चादर फाडावी तसा आवाज झाला गवताचा
आणि तिघे बचाववाले
एकमेकांच्या पायात पाय घालून बसले होते.

बाकीचा वेळ तो उभा असे.
पूर्वेच्या कडेला, बावीसच्या रेघेपासून चार पावलं,
तिथे गवत कधी धरलंच नाही.
बी टाकलं, जाळी घातली, आईने दिला असता तसा घोटभर पाणी दिलं.
नऊ हंगाम
ताटाएवढं टक्कल.

पैशाचं मातीत काही उमटत नाही. ते ऐकीव.
चर्चवर नवे पत्रे, मामाच्या होडीला इंजिन,
तीन बहिणींची फी, एका चुलतभावाचा जामीन.
दोन पायांवर अख्खी वाडी जेवत होती.
सामना संपला की बेटांवरचे चौघे आंघोळीआधी भजन म्हणत,
त्याचा खर्ज बॉयलरच्या पाइपातून
माझ्या खोलीत यायचा, फावड्याच्या पात्याला हात लावला
तर लागायचा.

मग डाव्या पायाचे ठसे उथळ होऊ लागले.
डॉक्टरांच्या आधी मला कळलं.
बोललो नाही. रेघा मारणाऱ्याने
गुडघ्याबद्दल बोलू नये असा आपला समज.
करारात होतं, दोन वर्षं अधिक एक.
ते अधिक एक आलं नाही.
मी रेघांना चुना लावतो,
माणसांना लावणारे वर कचेरीत बसतात.

शेवटच्या सामन्यात त्याला बारा मिनिटं मिळाली.
चेंडू आला नाही.

आता टायरच्या गोदामात आहे. इथेच राहिला.
मुलगी फ्रेंचमध्ये भांडते त्याच्याशी,
तिला त्याच्या भाषेतलं 'बुला' तेवढं येतं.

परवा शुक्रवारी आला. हात पुढे करून म्हणाला, दे.
मशीन दिलं.
जी कड अकरा सेकंदांत संपायची
तिला पाव तास लागला, वाकून, डावा पाय जरासा ओढत.
निम्म्यावर थांबून ओरडला,
"किती लांब आहे रे ही!"
टकलाच्या जागी आता गवत आलंय, कोवळं,
बाकीच्यापेक्षा जास्त हिरवं.
त्याने काही पाहिलं नाही. पण तिथेच
मशीन डगमगलं, आणि रेघ बाहेर कलली
चांगली वीतभर.
मी ती पुसली नाही.

शनिवारी नवा अकरा नंबर, एकोणीस वर्षांचं पोर,
तिथूनच निसटला, रेघेला चाटून.
झेंडेवाल्या पंचाने खाली पाहिलं,
मग माझ्याकडे.
मी नदीकडे बघत होतो.